खांबाच्या डोक्यावरची फुली

१९ नोव्हेंबर १९७६. खळ शिजवली.

वाटीभर कणीक, दोन तांबे पाणी, चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातलं नाही तर कसर लागते, आणि मला तो कागद निदान दहा वर्षं टिकवायचा होता. कागद म्हणजे आमच्या दगडखाणीचा नकाशा. परवान्याबरोबर मिळालेला, निळ्या रेघांचा, कोपऱ्यात गोल शिक्का असलेला. घडी घालून घालून तो घड्यांवरच फाटत चालला होता. कचेरीतल्या कारकुनांनी तो दोन बोटांत धरून मला परत दिला आणि म्हणाले, "बाई, हा कापडावर चिकटवून घ्या. मोजणीच्या दिवशी वारा सुटला तर साहेबांच्या हातात नुसता शिक्का राहील."

कापड विकत आणायचं कारण नव्हतं. घरात यजमानांची धोतरं पडून होती. त्यातलं एक धुऊन धुऊन मऊ झालेलं घेतलं आणि त्याचा काठ कापून बाजूला ठेवला. नकाशा पालथा घातला. पाठीवर पेन्सिलीनं बरंच काही लिहिलेलं होतं, यजमानांच्या हातचं. ते मी वाचलं नाही. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. अक्षर दिसलं की हातातलं काम थांबतं हे मला माहीत झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी होती. खळ फासली, धोतर ताणून बसवलं, वर फळी आणि फळीवर पाटा ठेवला. संध्याकाळच्या भाकरीला लागले.

परवाना यजमानांच्या नावावर होता. त्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. मुदत वाढवून घ्यायची आणि नाव बदलून घ्यायचं, अशी दोन्ही कामं एकाच अर्जात होती. मोजणी नीट झाली तर परवाना माझ्या नावावर पुढे चालणार. नाही झाली तर नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापासून खाण बंद. खाणीवर दगड फोडणारी बावीस घरं राहत होती. माझ्या घरी सासूबाई आणि दोन मुली. सगळं त्या एका कागदावर होतं.

खाणीला परवाना लागतो हे पुष्कळांना खरं वाटत नाही. जमीन आपली, तर खालचा दगडही आपला, फोडावा आणि विकावा, असं त्यांना वाटतं. यजमानांनाही आधी तसंच वाटलं होतं. दुष्काळाच्या दोन वर्षं आधी त्यांनी अक्कलकोट रस्त्याला ती खडकाळ जमीन घेतली आणि मग आठ महिने कागद गोळा करत हिंडले. तलाठ्याचा सातबारा, पंचायतीचा ठराव, सर्कलचा पंचनामा, शेजारच्या शेतकऱ्याची संमती. सुरुंगाची दारू ठेवायला निराळा परवाना, ती उडवणाऱ्या माणसाचा आणखी निराळा. संध्याकाळी घरी येऊन ते कागद सतरंजीवर मांडायचे. मी भाकरी थापता थापता विचारायची, "आज कुठला आला?"

"आज आला नाही. आज गेला."

म्हणजे कागद खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर गेला. तेवढ्यावरही ते खूश असत आणि शेंगाची चटणी पुन्हा मागून घेत. मला वाटायचं, एवढ्या वेळात या माणसाने नोकरी धरली असती तर बढती मिळाली असती. तसं मी बोलूनही दाखवलं होतं.

शेजारच्या शेतकऱ्याने संमती दिली ती एका अटीवर. त्याची विहीर आमच्या हद्दीला लागून. खाण फार खोल गेली तर विहिरीचं पाणी आमच्याकडे उतरेल, ही त्याची भीती. ती परवान्यातच लिहिली गेली. मूळ जमिनीपासून अठरा फुटांच्या खाली जायचं नाही. गेलं तर परवाना रद्द.

यजमानांच्या माघारी मी त्याच टेबलांपुढे उभी राहिले. आणीबाणीचे दिवस होते. सगळे साडेदहाला जागेवर असत, एवढी सोय झाली होती. पहिल्या दिवशी कारकुनांनी अर्ज वर-खाली पाहिला आणि म्हणाले, "बाई, परवानाधारक मयत आहेत."

"म्हणून तर मी आले. ते असते तर तेच आले असते."

"तसं नव्हे. खाण बायकांच्या नावावर नसते हो."

"असं नियमात लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण नसते."

"मग नसते असं लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मला कोऱ्या कागदावर तीन प्रती काढून आणायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पुढे त्यांनीच नकाशाचं सुचवलं. नाहीतर मी फाटका नकाशा घेऊनच उभी राहिले असते.

आता मोजणी कशी होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खाण सुरू करताना मधोमध चार फूट लांब, चार फूट रुंद एवढी जमीन न खोदता ठेवायची. भोवतीचा दगड निघत जातो, खड्डा खोल होत जातो, आणि ती राखलेली जमीन खांबासारखी उभी राहते. तिचं डोकं म्हणजे मूळ जमीन. मोजायला आलेला माणूस डोक्यापासून तळापर्यंत टेप सोडतो आणि खाण किती खोल गेली ते लिहून घेतो. सोपं आहे. रस्त्याच्या, कालव्याच्या, तळ्याच्या खोदकामातही असेच खांब ठेवतात.

आमचा खांब पहिल्या वर्षी गुडघ्याएवढा होता. यजमान त्यावर बसून चहा प्यायचे. दुसऱ्या वर्षी कमरेएवढा झाला, तरी तिथेच बसायचे. पुढे तो डोक्यावर गेला तेव्हा मुकादमाने त्याच्या एका अंगाला पाय ठेवायला खोबण्या पाडून दिल्या. जसा खड्डा खाली जाई तशी खाली एक नवीन खोबण पडे. यजमान चपला खाली काढून चढायचे. वर मांडी घालून बसलं की चारी बाजूंचं काम दिसायचं, कोण कुठल्या भेगेला पहार लावतोय ते दिसायचं. चहा कडीच्या छोट्या डब्यात दोरीनं वर ओढून घ्यायचे. मुकादमाची बायको खालून ओरडायची, "मालक, च्या घ्या, न्हाईतर उनानंच उकळंल परत!"

मी आठवड्यातून एकदा डबा घेऊन जायची तेव्हा काठावर उभी राहायची. ते वरून हाक मारायचे.

"वर ये एकदा. इथून सगळं दिसतं."

"काठावरून पण तेच दिसतं. जमीन एकच आहे."

"अगं, ये तर."

"भाकरी गार होतेय. खाली उतरा."

पाच वर्षांत हे बोलणं किती वेळा झालं असेल. दर वेळी मला घाई असायची. घाई कशाची होती ते आता आठवत नाही. एस.टी. तर दर तासाला होती.

खाणीतला सुरुंग दुपारी एकला उडायचा. त्याआधी रस्त्यावर दोन्हीकडे लाल फडकी धरून माणसं उभी राहायची, आणि यजमान काठावर येऊन तीनदा ओरडायचे, "बाऽर!" पेठेतल्या आमच्या घरापर्यंत तो आवाज येणं शक्य नव्हतं. पण एकच्या सुमाराला माझे हात थांबायचे. तव्यावरची भाकरी तशीच. दहा मिनिटं गेली, दारात कुणी धावत आलं नाही, की भाकरी उलटायची. ती एक बाजूनं करपलेली असायची. सासूबाई म्हणायच्या, "रोज एक तरी करपवतेसच." यजमान सुरुंगानं गेले नाहीत. काविळीनं गेले, घरच्या खाटेवर, तीन आठवड्यांत. त्यानंतरही एक वाजता माझे हात थांबायचे. अजून थांबतात. खाण बंद होऊन किती वर्षं झाली, तिच्यात पाणी भरलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांबाचं डोकं बाहेर येतं, बगळे बसलेले असतात. एस.टी.च्या खिडकीतून दिसतं.

तर मोजणी. वीस तारखेला सकाळी नऊला साहेब जीपमधून आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्याला रुमाल बांधलेला. मोजणीचे साहेब म्हणजे तोंड आंबट, हा माझा समज होता. यांचं तसं नव्हतं, पण ते हसतही नव्हते. मी नकाशा हातात दिला. धोतरावर तो छान ताठ बसला होता. त्यांनी तो वाऱ्यावर धरून पाहिला. "हे बरं केलंत," म्हणाले.

मुकादम टेपचं एक टोक घेऊन खोबण्यांतून वर चढला. साठीचा माणूस, पण सरड्यासारखा गेला. आयुष्य मातीकामात आणि दगडात काढलेला. घरात तेलुगू बोलणारा, माझं माहेर मैंदर्गीचं म्हणून माझ्याशी कानडीतून बोलणारा, आणि साहेबलोकांशी मराठी. वर बसून त्यानं टेपची कडी खांबाच्या कडेला धरली. टेप खाली आला. साहेब वाकले, पाहिलं, मग मला बोलावलं.

"तुम्हीच वाचा."

मी वाचलं. एकोणीस फूट सहा इंच.

"अट किती फुटांची?"

"अठरा. पण खाण तेवढी खोल नाही साहेब. हे गेल्यापासून मी खाली जाऊच दिलं नाही. आडवी वाढवली."

"बाई, टेप माझा, खांब तुमचा. दोघांतला एक खोटं बोलतोय. माझ्या टेपवर शिक्का आहे."

तेवढ्यात मुकादम उतरून आला. तोंड फुललेलं. "बगा साहेब, पावनेदोन फूट जादाच भरला की!"

साहेबांनी वहीतून डोकं वर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग जीपकडे पाणी प्यायला गेले.

मी मुकादमाला बाजूला घेतलं आणि विचारलं, खांब वाढवलाय का. कानडीत विचारलं, पण तो इतका खुशीत होता की मराठीतच उत्तर देत सुटला.

"वाढवला न्हाय अक्का. मालकाची बैठक बांधली. तेरावं झाल्यावर काम चालू केलं न्हव का, त्याच दिशी. घरटी दोन दगुड. ज्येनं त्येनं आपल्या हातानं घडवून ठिवला. मदी माती भरली, कडंनं लिपून घेतलं. आता गवत लई भारी आलंय वर."

गवत मी पाहिलं होतं. दीड वर्ष दर आठवड्याला काठावरून पाहत होते. यंदा पाऊस बरा झाला, एवढंच मनात आलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी कागदात होता. आन् तुमाला काय सांगायचं, दुखात दुख. आन् बरंच झालं की अक्का. खांब उंच तर काम जास्त. आमाला ठावं हाय."

तेव्हा मला कळलं. या माणसाची जन्मभर मोजणी झाली होती ती मजुरीसाठी. जितका खांब उंच, तितकी माती जास्त काढली, तितका दाम जास्त. दुष्काळातल्या कामांवर त्यानं खांबाच्या एका इंचासाठी साहेबांशी भांडणं केली होती. खांब उंच भरला म्हणून कुणाचं नुकसान होतं, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मालकाची बैठक झाली आणि मालकिणीला पावणेदोन फूट जास्त मिळाला, असा त्याचा हिशोब. मी त्याला परवान्यातली अट सांगितली. तो हळूहळू खाली बसला, मातीतच.

साहेबांना मी सगळं जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"खांब छाटलेले पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "खोली कमी दिसावी म्हणून खाणवाले छाटतात. खाणीत वाढवलेला पहिल्यांदा पाहतोय."

"मग वरचं काढून टाकते. पुन्हा मोजा."

"काढाल हो. पण किती काढलंत ते मला कसं कळणार? बैठकीबरोबर मूळ जमिनीचा फूटभर गेला तर? उद्या माझ्यावर वरचे साहेब आहेत." त्यांनी नकाशा उघडला, बोटानं खांबाची जागा दाखवली. "पहिल्या मोजणीत मूळ जमिनीवर कुठंतरी खूण करतात. इथे काही लिहिलेलं नाही. ती खूण दाखवा, तिथून मोजतो. उद्या मैंदर्गीच्या बाजूला माझं काम आहे, याच रस्त्याने जाणार. आठला थांबतो. खूण सापडली तर ठीक. नाही तर एकोणीस-सहा लिहून मोकळा."

जीप गेली. मी मुकादमाला म्हटलं, "माणसं लाव. बैठक उतरवा, खाली खूण सापडते का बघू."

तो उठला नाही. "अक्का, तेवडं सांगू नका."

"बावीस घरांची चूल आहे त्यावर."

"व्हय. माजी पण हाय. पण एकाद्याच्या नावानं ठिवलेला दगुड आमी हातानं काढत न्हाय. ज्याच्या नावानं ठिवला त्येनं सांगावं, मग काढतो."

"ते सांगायला येणार नाहीत."

"म्हून तर."

मागे त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. आणखी चार-सहा जण जमले होते. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. नकाशा गुंडाळला आणि दुपारच्या एस.टी.नं घरी आले.

एस.टी.त बसल्यावर आठवलं. यजमानांना वही बाळगायची सवय नव्हती. जे हाताशी येईल त्याच्या पाठीवर लिहायचे. लग्नपत्रिका, चहाची पुडी, मुलींचं प्रगतिपत्रकसुद्धा. पहिल्या मोजणीच्या दिवशी त्यांच्या हातात दुसरं काय असणार? नकाशाच असणार. आणि नकाशाची पाठ मी काल खळ लावून बंद केली होती.

घरी पाय धुतले आणि परातीत कोमट पाणी घेतलं. ओलं फडकं पिळून धोतरावर ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग कोपरा सोडवायचा. घाई केली तर कागद उपटतो. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "काल चिकटवलास, आज काढतेस," म्हणाल्या. मी हूं म्हटलं. निम्म्यावर त्यांनी आपणहून दुसऱ्या टोकाला फडकं ठेवलं. दोघींनी मिळून चार वाजेपर्यंत ते धोतर सोडवलं. खळ चांगली झाली होती, त्याचा त्रास.

पेन्सिल पाण्याला जुमानत नाही. सगळं वाचता आलं. वरती एक वाकडी आकृती, चौकोन, त्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात फुली. खाली लिहिलं होतं, "साहेबांनी छिन्नीनं फुली मारून घेतली. खडकावरच आहे, मातीत नाही. मोजायचं ते इथून." त्याखाली दुसऱ्या कुठल्या तरी दिवशीचं, बारीक अक्षरात: गूळ, चहा, घासलेट, थोरलीची वही, हिची चप्पल.

बाकी सगळं घरात आलं असणार. चप्पल आली नव्हती. मी तेव्हा अंगठा तुटलेली चप्पल दोरीनं बांधून महिनाभर वापरली होती, आणि सांगून आणत नाहीत म्हणून रागावलेही होते. सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "खूण सापडली." नकाशा दोरीवर वाळत घातला, पाठ बाहेर करून.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून पहिली एस.टी. पकडली. खाणीवर पोचले तेव्हा उजाडत होतं. शाळूवर दव होतं आणि चुली नुकत्या पेटल्या होत्या. मी कुणाला हाक मारली नाही. पदर खोचला, चपला खांबाच्या पायाशी काढल्या, खुरपं आणि नकाशाची गुंडाळी कमरेला खोचली आणि खोबण्यांत पाय घालून चढायला लागले. खोबण्या यजमानांच्या मापाच्या होत्या, माझ्या गुडघ्याला जरा लांब पडत होत्या. अर्ध्यावर खालून मुकादमाचा आवाज आला, "अक्का! अक्का, पडाल!"

"पडले तर बघ. आत्ता गप्प राहा."

वर पोचले. गवत गुडघाभर होतं. बैठक चारी कडांनी दगडाची, मध्ये मातीची, नीट चोपून बसवलेली. दगडांवर प्रत्येक घरानं आपली आपली छिन्नीची खूण केली होती. कुणाच्या तीन रेघा, कुणाचं चांदणं. मी उन्हाकडे पाहून पूर्वेचा कोपरा धरला. तेवढाच कोपरा मोकळा करायचा होता, बाकी कशाला हात लावायचं कारण नव्हतं. खुरप्यानं लिंपण सोडवलं आणि पहिला दगड उचलला.

"तीन रेगा हाय का त्येच्यावर?" मुकादमानं खालून विचारलं.

"आहेत."

"त्यो माजाच."

"तुझा असला तर तुझ्याजवळ ठेव. दोरी वर टाक."

दोरीला बांधून एकेक दगड खाली सोडला. ज्याचा होता तो पुढे येऊन घेई. हातानं काढला नाही, हातात घेतला. त्याला कुणाची हरकत दिसली नाही. सात दगड निघाले. खालची माती खुरप्यानं ओढली, मग हातानं, मग पदराच्या टोकानं पुसून घेतली. काळा खडक लागला. त्यावर फुली होती, टीचभर, कडा अजून धारदार.

मी तिथेच टेकले. साडेसात वाजले असावेत. गावातल्या गिरण्यांचा भोंगा तिथवर ऐकू येत नाही. काठावरची बाभळ दिसत होती, शेजाऱ्याच्या विहिरीची मोट, रस्ता, रस्त्यापलीकडचा शाळू. काठावरून दिसतं तेच. मी म्हणत होते ते बरोबर होतं. इतकी वर्षं मी बरोबर होते आणि ते मला हाका मारत होते. एवढं त्यांना इथे बसून सांगायला हवं होतं, आणि ते हसले असते.

खाली मुकादमाच्या बायकोनं दोरी हलवली. टोकाला कडीचा छोटा डबा बांधलेला होता. मी ओढून घेतला. चहा गुळाचा होता, फार गरम.

जीप थांबली. साहेब काठावरून उतरून खड्ड्यात आले, वर पाहिलं, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. मी नकाशा पाठ वर करून दोरीनं खाली सोडला. त्यांनी तो उन्हात धरून वाचला. घासलेटपर्यंत वाचला असावा, कारण मध्येच थांबून त्यांनी घडी घातली.

"फुलीवर धरा," म्हणाले, आणि टेपचं टोक दोरीला बांधून वर पाठवलं.

मी कडी फुलीवर धरली आणि अंगठ्यानं दाबून ठेवली. टेप सुटला. साहेब वाकले. मुकादमही शेजारी वाकला. आकडे त्याला वाचता येत होते.

"सतरा फूट आठ इंच," साहेब म्हणाले. वहीत लिहिलं, खाली सही केली, मुकादमाचा अंगठा घेतला. "तुमची सही राहिली. उतरा बाई."

"चहा संपवते आणि उतरते," मी म्हटलं.